घरच्या चित्रफितीची काटछाट

शेतकऱ्याने मोबाइलवर टिपलेली बीजप्रक्रियेची लांबलचक चित्रफीत शेजाऱ्यांच्या उपयोगी पडावयाची, तर तिचे संपादन अवश्य होय. त्यासाठी पैसा खर्चावयास नको. २००२ साली आरंभ झालेली ‘केडेनलाइव्ह’ ही मुक्तस्रोत संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. तीत मूळ चित्रण अबाधित राहते. कोठे कापावे, कोठे जोडावे एवढीच नोंद वेगळ्या फाइलीत होते. म्हणून मूळ फाइल पुसू नये. संगणक दुबळा असल्यास हलक्या प्रतींवर काम करता येते. मात्र कात्री पाल्हाळावर चालावी. औषधाच्या प्रमाणावर वा न उगवलेल्या ओळींवर नव्हे. अपयश वगळलेली चित्रफीत शेजाऱ्याचा हंगाम बुडवू शकते. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हे तारतम्य प्रथम शिकवावे.