गाऱ्हाणे गोंगाट वाटते तेव्हा

रॅप म्हणजे काव्य नव्हे, तो निव्वळ गोंगाट आहे आणि गोंगाटासाठी साहित्याच्या पंगतीत पाट मांडण्याचे कारण नाही, असे मत आपल्यातील सुविद्य मंडळी मोठ्या ठामपणे मांडत असतात. या मताच्या पाठोपाठ दुसरेही एक मत येते. तापमानवाढ, जंगलतोड, पाण्याचे दुर्भिक्ष हे विषय शास्त्रज्ञांचे आणि आंतरराष्ट्रीय परिषदांचे. पोरासोरांनी ते यमकांत गुंफून गायल्याने काय साधणार? ही दोन्ही मते मला चुकीची वाटतात. ती का चुकीची आहेत हे अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकांपुढे मांडणे अधिक अगत्याचे आहे, कारण ज्या गाण्यांविषयी मी लिहीत आहे त्यांचे मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे.

‘माही जी’ या नावाने रॅप गाणारी मधुरा घाणे ही महादेव कोळी समाजातील तरुणी आपल्या जिल्ह्यातली. मराठीत आणि हिंदीत ती गाते. ‘जंगल चा राजा’ हे तिचे गाणे आदिवासी आणि अरण्य यांच्या नात्याविषयी आहे. पाण्यासाठी होणारी पायपीट, वाढता उन्हाळा, निसर्गाची हानी हे तिच्या रचनांचे विषय. ज्या समाजातून राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध उभा राहिला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला, त्याच समाजातील एक मुलगी आज हातात ध्वनिक्षेपक घेऊन बोलते आहे. तिचे शब्द कानांवर पडताच आपण प्रथम तिची चाल तपासतो आणि ती परदेशी ठरवून मोकळे होतो.

परदेशीपणाचा हा आक्षेप आधी पाहू. संगमनेर हे शाहीर अनंत फंदीचे गाव. १७४४ ते १८१९ हा त्याचा काळ. तमाशाच्या फडात तो वाढला आणि फटका हा रोखठोक काव्यप्रकार त्याने लोकांच्या तोंडी बसवला. अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केल्यावर तो तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला, असे सांगतात. ज्यांचे नाव २०२४ साली आपल्या जिल्ह्याला मिळाले, त्या अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यात आहे. फटक्याची द्रुत लय, श्रोत्याला थेट दिलेली हाक आणि व्यंगाचा चिमटा यांत आणि रॅपमध्ये असे कोणते अंतर आहे की एकाला आपण पाठ्यपुस्तकात बसवावे आणि दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर उभे करावे? कलगी-तुऱ्याच्या सामन्यांत रात्ररात्र चालणारे सवालजवाब ज्याने ऐकले आहेत, त्याला दोन रॅपगायकांच्या झुंजीचे नवल वाटू नये.

रॅपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला, हे खरेच. ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकातून आलेल्या क्लाईव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क याने तेथील एका इमारतीत वाजवलेल्या संगीतापासून हिप-हॉपचा आरंभ मानतात. महामार्गाने दुभंगलेली आणि आगींनी काळवंडलेली ती वस्ती होती. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांनी ‘द मेसेज’ या गाण्यातून त्या वस्तीतील दैन्य जगापुढे मांडले. १९९९ साली मॉस डेफ या गायकाने एक संपूर्ण गाणे पाण्यावर रचले. ज्यांचे म्हणणे कोणी लिहून घेत नव्हते, त्यांनी ते तालावर बोलून दाखवले, एवढीच या प्रकाराची कुळकथा. आपल्याकडे सत्यशोधकी जलसा, भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा आणि १९४४ सालचे अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक हे याच गरजेतून उभे राहिले.

आपण ख्रिस्ती वाचकांनी तर परकेपणाचा मुद्दा फार जपून वापरावा. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली ओवीबद्ध होऊन छापले गेले. परका मनुष्य आपला छंद घेऊन लिहू शकतो, तर आपली लेक परका ठेका घेऊन का लिहू शकत नाही? रेव्हरंड ना. वा. टिळकांनी याच नगरच्या भूमीत राहून भाषांतरित उपासना-गीतांच्या जोडीला देशी चालींची भजने आणि अभंग उभे केले. देशी चालीत प्रभूची स्तुती होणार नाही, ही भीती त्या काळातही होती. आज ती भजने आपल्या म्हाताऱ्यांना पाठ आहेत. रूप कोठून आले याला महत्त्व थोडे. त्यातून कोणाचे दुःख बोलते याला अधिक.

आता दुसरा आक्षेप. जागतिक प्रश्न आणि अकोल्याच्या वाड्या यांचा संबंध काय? संबंध प्रवरेच्या पाण्यातून वाहतो. घाटघर-रतनवाडीच्या परिसरात महाराष्ट्रातील अतिवृष्टीचा पाऊस पडतो. परंतु तीव्र उतार, काळा कातळ आणि मातीचा पातळ थर यांमुळे ते पाणी चार महिन्यांत वाहून जाते आणि भंडारदऱ्याच्या धरणात साठते. १९२६ साली पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता सुमारे ११ टीएमसी. तेथून ते कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, नेवासा या तालुक्यांकडे येते. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, उसावर कारखाने आणि कारखान्यांवर आपली गावे. मे महिना आला की धरणाच्या वरच्या अंगाच्या काही वाड्यांवर मात्र बायका डोक्यावर हंडे घेऊन उतार चढत-उतरत असतात. ज्यांच्या माथ्यावर आभाळ फुटते त्यांच्याच घशाला कोरड पडते, आणि ज्यांच्याकडे पाऊस जेमतेम त्यांच्या शेतात पाटाचे पाणी खळखळते.

त्यात उन्हाळा तीव्र होत चालला आहे आणि पावसाचा नेम उरलेला नाही. या उष्णतेची झळ प्रथम बसते ती ज्याचे काम उघड्यावर आहे त्याला, म्हणजे पाणी वाहणारीला, मजुराला, पाथर्डी-शेवगावकडून कोयता घेऊन निघालेल्या ऊसतोड्याला. हवेत कोळशाचा आणि तेलाचा धूर सोडण्यात ज्या वाडीचा वाटा नगण्य, तिच्या माथी त्याचे प्रायश्चित्त अधिक येते. जागतिक प्रश्न म्हणतात तो हाच. तो समजून घ्यायला परदेशी जावे लागत नाही, राजूरच्या वर चढून जावे लागते. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे राखून या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले आणि देशाने त्यांना पद्मश्री दिली. तीच भूमी आता गाण्यातून बोलते आहे. ते गाणे कालव्याखालच्या आपल्याला उद्देशून आहे. म्हणूनच ते ऐकताना आपण थोडे अस्वस्थ होतो आणि अस्वस्थतेला गोंगाट हे नाव देतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो मी टाळणार नाही. गाण्याने जागृती होते हे खरे मानले, तरी जागृतीने हंडा भरतो काय? येथे कोडाईकनालचे उदाहरण पाहावे. तेथील थर्मामीटर कारखान्यातील पाऱ्याच्या प्रदूषणाविरुद्ध आवाज उठला आणि २००१ साली तो कारखाना बंद झाला. त्यानंतर कामगार वर्षानुवर्षे भरपाईसाठी झगडत राहिले. २०१५ सालच्या जुलैत सोफिया अश्रफ या तरुणीने त्यावर एक रॅप गायला आणि तो जगभर लाखोंनी पाहिला. मार्च २०१६ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हर कंपनीने ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली. हे गाण्याने झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मद्रास उच्च न्यायालयातील दीर्घ लढा कामगारांचा होता, कागदपत्रे त्यांच्या संघटनेची होती. पण गाण्याने त्या लढ्याकडे जगाची मान वळवली. संघटना नसती तर गाणे वाऱ्यावर विरले असते. गाणे नसते तर न्याय कदाचित आणखी लांबला असता.

तेव्हा रॅपचा आंधळा कैवार मला घ्यायचा नाही. त्याच्या नावाखाली स्त्रीची विटंबना, पैशाची मिजास आणि शिवीगाळ यांचा बाजारही जोरात आहे. दुष्काळावर गाणे ऐकून, ते दहा जणांना पाठवून आपले कर्तव्य संपले असे मानणारा एक वर्गही तयार झाला आहे. त्याची जागृती म्हणजे डोळे उघडे ठेवून घेतलेली झोपच. परंतु हे दोष भजनालाही लागू शकतात. सुरेल भजन गाऊन दारात आलेल्याला रिकाम्या हाती परत पाठवणारे लोक कोणत्या काळात नव्हते? तकोवाचा मेंढपाळ संदेष्टा आमोस याने आपल्या काळातील धर्मनिष्ठांना नेमके हेच सुनावले होते. देवाला तुमच्या गाण्यांचा कंटाळा आला आहे, न्याय पाण्याच्या लोंढ्यासारखा वाहू द्या, असा त्याच्या बोलण्याचा आशय. गोंगाट त्याने कोणाच्या गाण्याला म्हटले, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

म्हणून वाचकांपुढे दोन मागण्या ठेवतो. पहिली, आपल्या नियतकालिकांनी आणि साहित्य मेळाव्यांनी या तरुण आवाजांना सन्मानाने बोलवावे, त्यांच्या रचना काव्य म्हणून तपासाव्यात आणि जेथे त्या कमी पडतात तेथे तसे स्पष्ट सांगावे. टीका हाही आदरच असतो. दुर्लक्ष हा अपमान. दुसरी मागणी अधिक अवघड आहे. कालव्याखालच्या आपल्या गावांत, ग्रामसभेत आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत कोणीतरी उठून एवढे विचारावे की उसाला मोकाट पाणी आणखी किती वर्षे सोडणार, ठिबक सक्तीने का होत नाही, आणि वाचलेल्या पाण्यातील हंडाभर वाटा धरणावरच्या वाडीला पोचवण्याची सोय कोण करणार. हा प्रश्न गद्यात विचारला तरी चालेल. आपण तो इतकी वर्षे विचारला नाही, म्हणून त्या मुलीला तो तालावर विचारावा लागला.