बाळाशी कसं खेळायचं, हे अंगणवाडी सेविका शिकवणार; पण वेळ कुठून काढणार?

तीन वर्षांखालच्या मुलाचं अंगणवाडीशी नातं म्हणजे वजन आणि घरी नेण्याचा आहार, एवढंच अनेकांना माहीत असतं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये आणलेल्या ‘नवचेतना’ आराखड्याने त्यात खेळ आणला. ३६ महिन्यांचं कॅलेंडर, १४० कृती.

अशा खेळाला महागडी खेळणी लागत नाहीत. बाळाने हुंकार दिला की त्याच्याकडे बघून आपणही द्यायचा, मग थांबायचं. त्याची पाळी येऊ द्यायची. बोलण्याची सुरुवात इथेच होते. पदराआडून ‘बुवा कुक’ केलं की दिसेनासा झालेला चेहरा परत येतो, हे त्याला हळूहळू उमगतं. मोबाइलवरचं कार्टून हुंकाराला उत्तर देत नाही. वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते आहे.

अडचण वेगळीच आहे. एवढी लहान मुलं अंगणवाडीत बसत नाहीत, त्यामुळे सेविकेने घरी जाऊन आई-आजीला (आणि बाबांनाही) हे दाखवायचं. तिच्याकडे आधीच तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग, गरोदर मातांच्या भेटी आणि पोषण ट्रॅकरच्या नोंदी आहेत. आराखडा येण्याच्या तीनच महिने आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, महाराष्ट्रातल्या सेविका मानधनवाढीसाठी संपावर उतरल्या होत्या.