केवडा पडला, पुडी आणली



कामानिमित्त सीताबर्डीला गेलेला आपला माणूस हल्ली परतताना पिशवीत सूक्ष्म अन्नद्रव्याची एखादी पुडी घेऊनच येतो. उसावर केवडा पडला, पाने पिवळी झाली, की दुकानदार म्हणेल ती पुडी टाकायची. माती तपासली का, असे विचारले तर उत्तर ठरलेले, ‘त्यात काय तपासायचं?’

आमचे म्हणणे असे, की तपासण्यासारखे तेच आहे. काळ्या जमिनीत लोहाला तोटा नाही, पण चुनखडीच्या रानात ते अडकून बसते. कणगी भरलेली, पण दाराला कुलूप! जमिनीत धातू किती, यापेक्षा पिकाला मिळतो किती, हे कळले पाहिजे.

ही साक्ष पूर्वी बुरशीने दिली. पाश्चरचे शिष्य रॉलँ यांनी 1869 साली फ्रान्समध्ये दाखवले, की जस्तावाचून काळी बुरशी नीट वाढत नाही. पुढे हॉलंडच्या मुल्डर यांनी तिलाच माती तपासायला बसवले. तांब्याखेरीज सर्व अन्न द्यायचे आणि त्यात थोडी माती घालायची. मातीतून तांबे मिळाले तर बुरशीची भुकटी काळीभोर, नाही तर पिवळट.

आज हे काम प्रयोगशाळेतील द्रावण करते. मिळण्याजोगे लोह दहा लाख भागांत 4.5 च्या खाली किंवा जस्त 0.6 च्या खाली आले, तर कमतरता समजतात. 2015 पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेतही हे आकडे असतात. पत्रिका ट्रंकेत ठेवून काय उपयोग?

जिवाणू नुसती साक्ष देत नाहीत, कुलूपही उघडतात. त्यांच्यातले कित्येक लोहाला धरून ठेवणारे द्रव्य सोडतात. म्हणूनच हिराकस आणि झिंक सल्फेट कोरडे न फेकता दसपट शेणखतात चार-पाच दिवस ओलसर मुरवून द्यावे, असे शेतीतज्ज्ञ सांगतात.

सीताबर्डीहून अमरावती रस्त्याला लागले, की 1976 साली स्थापन झालेला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आहे. जमिनीचा अभ्यास करणारी देशाची संस्था आपल्या उंबऱ्याशी, आणि आपला भरवसा मात्र पुडीवरच्या चित्रावर!

आमची सूचना साधी आहे. लागणीची नोंद घेतानाच गट कार्यालयाने मातीचा नमुना घ्यावा आणि तपासणीचा खर्च कारखान्याने ऊस विकासाच्या खर्चातून करावा. वार्षिक सभेत हा विषय सभासदांनीच लावून धरावा. पुडीचे पैसे शेवटी आपल्याच ऊसबिलातून जातात.