दुसऱ्याच्या वहीवर आपला हात

आत्मकथन लिहू पाहणाऱ्यांना लिहिते करणारी माणसे आज गावोगावी आहेत. कुणी ज्येष्ठ नागरिक संघात आठवड्याचा वर्ग घेते, कुणी वाचनालयाच्या मागच्या खोलीत चार जणांना घेऊन बसते, कुणी शेजारच्या आजोबांच्या आठवणी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन उतरवून घेते. या मासिकाचे बहुतेक वाचक त्यांपैकीच आहेत. आपल्याकडे निष्ठा आहे, वेळ द्यायची तयारी आहे, माणसांविषयी जिव्हाळाही आहे. उणीव आहे ती संगतीची. भजनी मंडळात एखाद्याचा टाळ मागेपुढे झाला तर ते शेजारच्याला आधी कळते आणि तो नुसत्या नजरेने सावरून घेतो. आपल्याला तसा शेजारी नाही. आपला हात दुसऱ्याच्या वहीवर किती पडला, हे सांगायला जवळ कुणी नसते. म्हणून या अंकात एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. मार्गदर्शकांनी नेमाने एकत्र बसले पाहिजे आणि आपण हात लावलेली पाने एकमेकांपुढे ठेवली पाहिजेत.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या काही मार्गदर्शकांची अशी एक बैठक नुकतीच बदलापूर गावात झाली. रेल्वे आल्यावर वस्ती स्टेशनाभोवती, कुळगावात, वाढत गेली आणि मूळ बदलापूर गाव बाजूला राहिले. त्या गावातल्या एका घराच्या ओटीवर मंडळी जमली होती. एका निवृत्त शिक्षिकेने, लिहिणाऱ्या बाईंची परवानगी घेऊन, त्यांच्या वहीतले एक पान आणले होते. या बाई आता पंचाहत्तरी ओलांडलेल्या. उमेदीची सगळी वर्षे त्या भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला जात. नवऱ्याचे तेरावे झाले आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गाडीत चढल्या. त्या दिवसाविषयी त्यांनी लिहिले होते, "त्या दिवशी मी रडली नाय. भाजी इकली. सात वाजता सगली टोपली खाली." शिक्षिकेने दुरुस्त करून लिहिले होते, "त्या दिवशी मनावर दुःखाचा डोंगर होता, तरीही अश्रू आवरून मी माझे कर्तव्य पार पाडले."

दोन्ही पाने एकापाठोपाठ वाचली गेली. उल्हासनगरहून आलेल्या एका गृहस्थांनी एवढेच विचारले, "बाई, दुसऱ्या पानावर टोपली कुठे गेली?"

त्या प्रश्नातच सगळा धडा होता. मूळ पानावर तीन गोष्टी होत्या: ती रडली नाही, तिने भाजी विकली, सात वाजता टोपली रिकामी झाली. दुरुस्त पानावर यांतली एकही उरली नव्हती. जे उरले होते ते कुणाच्याही वहीत खपून गेले असते. दुरुस्ती करणाऱ्या शिक्षिकेचा हेतू निर्मळ होता. अनेक वर्षे निबंध तपासून घडलेला त्यांचा हात होता. पानी, गारी, झार असे शब्द दिसले की तो आपोआप पाणी, गाडी, झाड करू लागतो, आणि शब्द सुधारता सुधारता वाक्य कधी बदलून जाते ते कळतच नाही. या क्षेत्रात आलेल्या आपल्यांतल्या कितीतरी जणांचा हात असाच शाळेत घडला आहे. ही सवय घरी एकट्याने बसून मोडत नाही, कारण स्वतःची दुरुस्ती स्वतःला नेहमी बरोबरच वाटते. ती मोडायला टोपलीविषयी विचारणारा दुसरा माणूस लागतो.

मराठीतल्या थोर आत्मकथनांमागे असा एखादा माणूस बहुधा सापडतो. लक्ष्मीबाई टिळकांचे रीतसर शिक्षण जवळजवळ नव्हतेच. वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून दे, असा लकडा मुलाने, देवदत्त टिळकांनी, त्यांच्यामागे लावला. त्यातून १९३४ पासून 'स्मृतिचित्रे'चे भाग प्रसिद्ध होत गेले. आईचे बोलणे जसेच्या तसे कागदावर येऊ देणे, हे त्या मुलाचे मोठे काम. नरेंद्र जाधवांनी निवृत्तीनंतर अस्वस्थ असलेल्या वडिलांना तुमचे आयुष्य लिहून काढा म्हणून बसवले. दामोदर जाधवांच्या त्या वह्यांवर 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) उभे राहिले.

फलटणचे उदाहरण तर आपल्या कामाच्या फार जवळचे आहे. बेबीताई कांबळे नवऱ्याच्या आणि घरच्यांच्या नजरेआड वर्षानुवर्षे लिहीत होत्या. दुकानात बसल्या बसल्या मिळालेल्या वेळात लिहायचे आणि वह्या कुणाच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवायच्या, असे सुमारे वीस वर्षे चालले. मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाअभ्यासक फलटणला स्थायिक झाल्या होत्या आणि तिथे त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली होती. बेबीताईंशी त्यांचा परिचय झाला आणि हे लेखन छापले गेलेच पाहिजे असा आग्रह त्यांनी धरला. मग ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. बर्नसनबाई स्वतः भाषेच्या जाणकार होत्या, पण पुस्तकात ऐकू येतो तो बेबीताईंचाच आवाज. मार्गदर्शकाने किती करावे आणि कुठे थांबावे याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मात्र ही सारी माणसे योगायोगाने भेटली. देवदत्त घरातच होते, नरेंद्र पोटचा मुलगा होता, बर्नसनबाई फलटणला येऊन राहिल्या म्हणून गाठ पडली. ज्यांच्या नशिबी असा योग नव्हता त्यांच्या वह्या कुठे गेल्या असतील, हा विचार आपल्याला स्वस्थ बसू देता कामा नये. मार्गदर्शकांचे मंडळ हवे ते यासाठी, की जे योगायोगाने घडले ते रीतीने घडू लागावे.

कल्याणच्या पुढच्या या पट्ट्यात मंडळाची गरज अधिकच जाणवते, कारण इथली आयुष्ये एका मार्गदर्शकाच्या आवाक्यात मावणारी नाहीत. दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पत्ता सांगताना लोक आजही कॅम्प नंबर सांगतात. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुले आता नव्वदीकडे झुकली आहेत. त्यांच्यापैकी अनेकांची सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाते आणि ती त्यांच्याच नातवंडांना वाचता येत नाही. अंबरनाथला विमकोच्या काडेपेटी कारखान्यात आणि आयुध निर्माणीत उभी हयात गेलेले कामगार आहेत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर लालबाग-परळ सोडून बदलापूरला आलेली घरे आहेत. बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा गाव सोडावे लागलेली कुटुंबे आहेत. नदीकाठच्या आगरी घरांत शेतीच्या, आणि २६ जुलै २००५ च्या पुराच्या, आठवणी आहेत. सिंधी जाणणाऱ्याला आगरी कळेलच असे नाही. गिरणीतले साचे, पाळ्या आणि बदली कामगार ज्याला ठाऊक आहेत, त्याला डोंगरातल्या ठाकर-कातकरी वाडीत काय विचारावे हे सुचेलच असे नाही. एकाने दुसऱ्याला हाक मारावी, दोघांनी मिळून एका माणसासमोर बसावे, हाच यावर उपाय आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी जोडीने आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना जाऊन भेटल्या, त्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हे पुस्तक सिद्ध झाले. जोडीने ऐकण्याचा हा धडा आपल्याच भाषेत गिरवून झालेला आहे.

बाहेरच्या अनुभवाचाही उपयोग करून घ्यावा. अमेरिकेतले वार्धक्यशास्त्रज्ञ जेम्स बिरेन यांनी १९७० च्या दशकापासून एक साधी पद्धत रुळवली. छोटा गट, दर वेळी एक विषय (आयुष्याला मिळालेली वळणे, कुटुंब, पैसा, काम, शरीर, मृत्यूचे अनुभव), घरी लिहिलेली दोन पाने आणि ती गटात मोठ्याने वाचणे. आपल्याकडे 'पैसा' हा विषय दिला की वर्गाला एकदम जाग येते, असे अनेक जण सांगतात. पहिला पगार, आईच्या गाठोड्यातले दागिने, भिशी, सावकार हे सारे त्यात येते. इटलीतल्या पिएव्हे सांतो स्तेफानो या छोट्या गावात पत्रकार सावेरिओ तुतिनो यांनी १९८४ मध्ये सामान्य माणसांच्या रोजनिशा आणि आत्मकथने जपणारे संग्रहालय सुरू केले. क्लेलिया मार्की या शेतकरी बाईने नवरा अपघातात गेल्यानंतर आपल्या लग्नातल्या चादरीवर ओळीमागून ओळ लिहिलेले आयुष्य तिथे जपून ठेवले आहे. शेजारच्या अंगियारी गावात १९९८ पासून आत्मकथनाचे विद्यापीठच चालते आणि तिथे इतरांना लिहिते करू इच्छिणारेही शिकायला येतात. दोन्ही गावे लहान आहेत. श्याम जोशी यांनी 'ग्रंथसखा' वाचनालय उभे करून मराठी ग्रंथांचा ठेवा ज्या बदलापुरात जमवला, तिथे न छापलेल्या वह्यांसाठी एक कपाट राखणे काही अवघड नाही.

आता बैठकीविषयी. ती महिन्यातून एकदा व्हावी आणि माणसे आठाच्या वर नसावीत. प्रत्येकाने आळीपाळीने एक मूळ पान आणि आपण सुचवलेले पान, अशी दोन्ही वाचावीत. लिहिणाऱ्याची परवानगी असल्याखेरीज पान आणू नये आणि माणसांची, गावांची नावे झाकावीत. ऐकणाऱ्यांनी निवाडा देऊ नये, प्रश्न विचारावेत. शिवाय वर्गाला जो विषय द्यायचा, त्यावर आधी मार्गदर्शकाने स्वतः दोन पाने लिहून याच बैठकीत वाचावीत. आपल्या वडिलांविषयी खरे लिहिताना पेन कुठे अडते हे ज्याने अनुभवले आहे, तो दुसऱ्याला घाई करत नाही.

याखेरीज काही गोष्टींवर मंडळाने एकमताने रीत ठरवावी. वही कुणाची, हा पहिला प्रश्न. ती लिहिणाऱ्याची. मुलगा वर्गाची फी भरतो म्हणून वही त्याला दाखवायची नाही. दुसरा प्रश्न इतरांच्या उल्लेखांचा. जमिनीच्या वाटण्या, भावकीतले तंटे, सासरचा जाच हे आयुष्यात असते, म्हणून ते वहीतही येणार. लिहिताना अडवू नये. छापायचे ठरले तर मात्र प्रत्येक नावापाशी थांबून, लिहिणाऱ्याबरोबर बसून विचार करावा.

तिसरा प्रश्न आठवणीतल्या तफावतीचा. दोन बहिणी एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगतात तेव्हा आपण खरे काय ते शोधू लागतो. तसे न करता दोन्ही तऱ्हा नोंदवाव्यात. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडून मिळवल्या. पुढे मूळ पोथी हरवली आणि महानुभावांनी 'लीळाचरित्र' स्मरणातून पुन्हा जुळवले, तेव्हा कुणाची आठवण कशी वेगळी पडते याची त्या त्या नावाने नोंद ठेवली. मराठी गद्याच्या आरंभीच ही शिस्त घालून दिलेली आहे. तिच्यापासून आपण मागे हटू नये.

चौथा प्रश्न दुःखाचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या क्लेशकारक घटनांविषयी लिहायला सांगितले होते. लिहून झाल्या झाल्या त्यांना अधिक जड वाटले, पुढच्या महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. ते विद्यार्थी तरुण होते. आपल्यासमोर बसलेल्या माणसाने फाळणीत घर सोडलेले असते, पुरात माणूस गमावलेले असते. अशा दिवशी वर्ग वेळेआधी संपवावा, चहा व्हावा, आणि कुणीतरी त्यांच्याबरोबर घरापर्यंत जावे. झोप उडाली, जेवण तुटले, असे दिसले तर लेखन थांबवून समुपदेशकाकडे न्यावे. सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवाही मोफत आहे. आपण वैद्य नाही, हे मंडळात एकमेकांना वेळोवेळी सांगत राहावे.

एवढे सगळे करायला इमारत, देणगी किंवा नोंदणी लागत नाही. एक ओटी, दोन सहकारी आणि एक पान पुरते. पुढचा अंक येण्याआधी आपल्या तालुक्यातले असे दोन मार्गदर्शक शोधा आणि पहिली बैठक घ्या. येत्या अंकापासून या मासिकाची दोन पाने अशा बैठकांसाठी राखून ठेवत आहोत. लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन आणि नावे काढून, मूळ पान आणि तुम्ही दुरुस्त केलेले पान, दोन्ही आमच्याकडे पाठवा. बैठकीत कुणी कोणता प्रश्न विचारला आणि त्यानंतर तुम्ही काय परत मूळ जागी ठेवले, तेही सोबत लिहा. ते आम्ही सर्वांत आधी छापू.