एस.वाय.च्या मुलांनो, शहरात उतरा

एफ.वाय.च्या मुलाची सगळे चौकशी करतात आणि टी.वाय.च्या मुलाची तर जरा जास्तच. प्रवेश कुठं मिळाला, प्लेसमेंट आहे का, एमपीएससी करणार की एमबीए. एस.वाय.च्या मुलाला मात्र कुणी फारसं काही विचारत नाही. पदवीतलं हे दुसरं वर्ष मला सगळ्यात मोलाचं वाटतं, ते नेमकं याच कारणानं. कॉलेज अंगवळणी पडलेलं असतं, मित्र ठरलेले असतात आणि नोकरीची घाई अजून दारात आलेली नसते. एखाद्या गोष्टीत मनापासून बुडायचं असेल तर हीच वेळ आहे.

आता तर त्याला अभ्यासक्रमाचीही जोड आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्य सरकारनं पदवीचा जो आराखडा आखला, त्यात दुसऱ्या वर्षी तिसऱ्या सत्रात क्षेत्रप्रकल्प आहे आणि चौथ्या सत्रात समाजसहभागाचा प्रकल्प. दोन्ही दोन-दोन क्रेडिटचे. एका क्रेडिटला ३० तास धरले, तर प्रत्येक प्रकल्पामागं ६० तास वर्गाबाहेर काम करायचं. कागदावर ही योजना उत्तम आहे, पण प्रत्यक्षात काय होतं हे कॉलेजच्या आसपासच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात कळतं. गेल्या वर्षीची फाइल येते, नाव आणि रोल नंबर बदलतो, स्पायरल बाइंडिंग होतं आणि ६० तास अर्ध्या तासात उरकतात. यात मुलांपेक्षा मोठ्यांचा दोष जास्त आहे. फाइल उघडून न पाहता सही होते, हे मुलांना पहिल्याच सत्रात समजलेलं असतं.

मला याचं वाईट वाटतं, कारण दारोदार जाऊन शहर समजून घेण्याची पुण्याची परंपरा जुनी आणि मोठी आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन शहराजवळच्या एका खेड्याचा अभ्यास केला. कुणाकडे किती जमीन, तिचे तुकडे किती, डोक्यावर कर्ज किती, हे घरोघर विचारून लिहून काढलं. १९१७ साली तो अभ्यास पुस्तकरूपानं आला. त्या गावात १७७१ साली सरासरी ४० एकर असलेली जमीनधारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. शेतकरी गरीब का होत चाललाय, या प्रश्नावर पुढं कितीतरी वर्षं हे आकडे देशभर उद्धृत होत राहिले. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर! आज तिथं आयटीतल्या लोकांच्या सोसायट्या उभ्या आहेत. तिथल्याच एखाद्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एस.वाय.च्या मुलीनं मान यांचं पुस्तक हातात घेऊन जुन्या गावठाणात जावं आणि त्या सात एकरांचं पुढं काय झालं, एवढंच विचारावं. यापेक्षा चांगला क्षेत्रप्रकल्प मला सुचत नाही.

१९३०च्या दशकात गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. तिचा पहिला भाग १९४५ साली आणि दुसरा १९५२ साली प्रसिद्ध झाला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोवतीच्या टेकड्या-माळांवर पायी हिंडले. दगडाची बारीक हत्यारं वेचली, शेंदूर फासलेल्या देवींची ठाणी पाहिली आणि त्यातून इतिहास लिहिला. त्यांचा मूळ विषय गणित होता, हे एस.वाय.च्या मुलांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. आपला विषय सोडून बाहेर डोकावायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि विषय शोधायला लांब जावंच लागतं असं नाही. सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका घ्या. महिन्याची फी किती, मुलं किती वाजता येतात आणि कधी उठतात, कुठल्या जिल्ह्यांतून आली, घरून पैसे कसे येतात, डब्यावर किती जातात, कितव्या वर्षी परत जायचं ठरवतात. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, मराठी, कुठल्याही विषयाची विद्यार्थिनी यावर काम करू शकेल. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात गिया-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण वाढले आणि पिण्याच्या पाण्यावर संशय आला, तेव्हा आपल्या नळाला पाणी कुठून येतं हे माझ्या ओळखीच्या फार थोड्या घरांत माहीत होतं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एस.वाय.च्या वर्गाला याहून जवळचा विषय कुठला मिळणार?

इथं एक अडचण खरी आहे. गावाकडून आलेली कितीतरी मुलं सकाळी कॉलेज करतात आणि संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात, मेसमध्ये किंवा डिलिव्हरीवर असतात. काही जण विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेत काम करतात. त्यांनी ६० तास आणायचे कुठून? माझं म्हणणं, ते जिथं काम करतात तेच त्यांचं क्षेत्र माना. मेसमध्ये वाढपी असलेल्या मुलाला गॅस, भाजी, उधारी आणि मालकाची ओढाताण यांबद्दल जेवढं ठाऊक असतं, तेवढं वाणिज्याच्या क्रमिक पुस्तकात नाही. त्याला ते नीट मांडायला शिकवणं हे शिक्षकाचं काम आहे.

इंजिनिअरिंगचं गणित वेगळं. तिथं दुसरं वर्ष म्हणजे एम-थ्री या गणिताच्या पेपरची धास्ती आणि डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले नवे सोबती. या डिप्लोमावाल्यांचा हात वर्कशॉपमध्ये बसलेला असतो आणि बारावीवाल्यांचं गणित बहुधा पक्कं असतं. वर्गात दोघे वेगवेगळ्या बाकांवर बसतात, त्यांनी एकत्र बसावं.

काही मुलं या वर्षी नाटकात रमतात. महाराष्ट्रीय कलोपासकच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींमुळं हजेरी बुडते म्हणून घरचे चिडतात. मी त्या मुलांच्या बाजूनं आहे. १९६३ पासून चालत आलेल्या या स्पर्धेनं भरत नाट्य मंदिरात किती पिढ्यांना एकत्र काम करायला शिकवलं! मनापासून केलेलं काम कुठलंही असो, त्याला या वर्षात जागा मिळाली पाहिजे.

शिक्षकांना एक विनंती. प्रकल्पाची फाइल बाजूला ठेवा आणि तोंडी परीक्षेत तीनच प्रश्न विचारा. कुठं गेला होतास? कुणाशी बोललास? तिथं जाण्याआधी काय वाटत होतं आणि काय निघालं? ज्यानं झेरॉक्स आणली असेल त्याला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही. एकेका शिक्षकाकडे मुलांची यादी मोठी असते, मान्य आहे. म्हणून गट करा, पण गटालाही हेच विचारा.

आणि मुलांनो, एक साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या आधी समोरच्या माणसाला विचारा, आणि तो नको म्हणाला तर हातानं लिहा. विषय याच आठवड्यात ठरवा आणि पहिली भेट गणपतीच्या आधी उरका. एकदा ढोल-ताशांच्या सरावाला सुरुवात झाली की संध्याकाळ हाताला लागत नाही, आणि नवरात्र संपलं की सत्रपरीक्षेचं वेळापत्रक लागलेलं असतं.