विश्लेषण : प्रो कबड्डीत सर्वात महागडा खेळाडू घेऊनही संघ मागे का पडतो?

प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामासाठी २०२५ मध्ये झालेल्या लिलावात गुजरात जायंट्सने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईवर २ कोटी २३ लाख रुपयांची बोली लावली. बंगाल वॉरियर्सने देवांक दलालसाठी २ कोटी २० लाखांहून अधिक मोजले. हंगामातले हे दोन सर्वात महागडे खेळाडू. पण दोघांचेही संघ पहिल्या आठांत आले नाहीत. साखळीत अव्वल राहून अंतिम फेरी गाठणाऱ्या पुणेरी पलटणचा कर्णधार होता अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. त्याला पुण्याने लिलावात जाऊच दिले नव्हते.

संघबांधणीचे गणित यात दडले आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी किंवा वसमतच्या कबड्डीपटूला व्यावसायिक संघात शिरायला कोणते दार आहे, हेही त्यातूनच कळते.

पैसे सगळ्यांकडे सारखेच, मग फरक कुठे?

प्रत्येक संघाला खर्चासाठी ५ कोटी रुपयांची मर्यादा असते आणि किमान १८ खेळाडू घ्यावे लागतात. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. म्हणजे निम्म्याहून अधिक पैसा एका माणसावर गेला आणि बाकीचा संघ उभा करायला २ कोटी ४० लाखही उरले नाहीत. पवन उत्तम चढाईपटू आहे, यात वाद नाही. पण तो बाद होऊन बाकावर बसला की पुढे चढाई कोण करणार आणि कोपऱ्यात पकड कोण करणार? त्या हंगामात टायटन्सने २२ पैकी फक्त २ सामने जिंकले आणि संघ तळाला राहिला.

त्याच्या आदल्याच हंगामात याची उलटी बाजू दिसली होती. तमिळ थलैवाजने पवनला २ कोटी २६ लाख ५० हजारांना घेतले, पण पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि हंगाम संपला. तरी नरेंदरसारख्या नवख्या चढाईपटूंच्या जोरावर थलैवाज उपांत्य फेरीत पोहोचले.

मग मोठी बोली लावूच नये का?

तसेही नाही. २०२३ मध्ये याच शादलूईला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतले आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले आणि तेही विजेते झाले. दोन्ही संघ आदल्या हंगामात अंतिम फेरी खेळले होते. पाया तयार होता, शादलूईने वरची उणीव भरून काढली. पाया घालायचे काम एकट्याकडून होत नाही.

पुण्याचा पाया होता अस्लम आणि मोहित गोयत. दोघेही लिलावातून नव्हे, तर ‘न्यू यंग प्लेअर’ म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वाटेने आठव्या हंगामात आले. या वाटेने आलेल्या मुलाचे मानधन ठरलेले असते, त्यावर बोली लागत नाही. तो तयार झाला की संघ त्याला कायम ठेवू शकतो. अशा मुलांवर वाचलेल्या पैशातूनच शादलूई परवडतो.

एनबीएत काय वेगळे?

अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये नवोदितांची निवड ‘ड्राफ्ट’मधून होते आणि तळाच्या संघांना पहिल्या निवडीची संधी जास्त असते. शिवाय करार संपलेल्या खेळाडूंना घेता येते, खेळाडूंची अदलाबदलही सर्रास चालते. प्रो कबड्डीत तळाच्या संघाला असा हात मिळत नाही. होतकरू मुलगा ज्याने आधी हेरला, तो त्याचा. त्यामुळे शोध घेणाऱ्याची नजर कुठवर जाते याला फार महत्त्व आहे.

हिंगोलीसारख्या जिल्ह्याचे काय?

हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला. गावच्या मैदानावरून जिल्हा संघ, तिथून राज्य अजिंक्यपद स्पर्धा, मग महाराष्ट्राचा संघ ही नेहमीची वाट. व्यावसायिक संघांचे लक्ष जाते ते बहुधा शेवटच्या पायऱ्यांवर. त्यात कुमार गटात वयाची अट २० वर्षांखालील आणि वजनाची ७० किलो. ज्याची उमेदीची दोन-तीन वर्षे मातीवरच्या स्थानिक सामन्यांत जातात आणि जो मॅटवर क्वचितच उतरतो, त्याची नवोदित म्हणून निवड होण्याची संधी हुकते. लिलावात कोटींचे आकडे ऐकू येतात, पण त्याच्यासाठी ती शर्यत नव्हेच.

निवड झाली तरी हिशेब सोपा नसतो. करार चालू असताना मुलाने हंगाम गाजवला, तरी बाजारभाव त्याच्या पदरात पडत नाही, फायदा संघाचा. अस्लम दहाव्या हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, पण खुल्या लिलावात त्याची किंमत किती झाली असती, हे कधी कळलेच नाही. दुसरीकडे, पुण्याने त्याला संधी आणि कर्णधारपद दिले, तेही खरे. कागदावर सही करताना मुलाने आणि त्याच्या घरच्यांनी आधी विचारायचे ते हेच, की करार किती वर्षांचा आहे आणि तो संपल्यावर लिलावात जायचे की नाही, हे ठरवणार कोण.