मैदान हक्काचं, मेहेरबानीचं नव्हे

फुटबॉलवेड्या कोल्हापुरात बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या खेळासाठी निधी-समारंभ झाला की टाळ्या पडतात, धनादेश दिले जातात. मी विचारते, दुसऱ्या दिवशी मुलीला मैदानावर नेणार कोण? आईच, रोजगार बुडवून. आणि पाळी आली की? मैदानावर ना धड संडास, ना प्रशिक्षिका, मुलगी घरी.

१९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं ‘स्वच्छते’च्या नावाखाली पुण्यात ससूनमध्ये काढली गेली. सोय करायची नाही, मुलीलाच आवरायचं, ही वृत्ती तीच!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३० खेळातल्या सहभागाची जबाबदारी शासनावर टाकतं. मग खेळ देणगीदारांच्या मर्जीवर का? मैत्रिणींनो, महापालिकेकडे मागू या: संडास, प्रशिक्षिका, मायलेकींचं बसभाडं आणि सगळ्यांचा मिळून एकच संघ.